शेवंताक्काचं लाल बटण

एकदा एका बेदाण्याच्या व्यापाऱ्याकडे बेदाणा निवडणारं यंत्र आलं. तासगावच्या बाजूला हा व्यापार मोठा. वाळवलेला बेदाणा शीतगृहात ठेवायचा, मागणी येईल तसा बाहेर काढायचा, त्यातले काळे मणी, काड्या, खडे वेगळे करायचे आणि खोकी भरून देशोदेशी धाडायची. भूपालशेठच्या कारखान्यात हे निवडण्याचं काम बावीस बायका करत. त्यांची म्होरकी शेवंताक्का. वय अठ्ठावन्न, त्यातली सव्वीस वर्षं त्याच जागी बसून काढलेली. वाईट मणी तिला शोधावा लागत नसे, बोटांनाच तो कळायचा.

शेठ माणूस वाईट नव्हता. मागणी दुप्पट झाली, हात अपुरे पडू लागले, म्हणून त्यांनी यंत्र मागवलं. कुणालाही काढणार नाही, असं त्यांनी सगळ्यांना जमवून सांगितलंही होतं. पण नुसतं सांगून कुणाची भीती जाते का? पेट्या उतरल्या त्या दिवशी शेवंताक्का डबा न उघडताच घरी गेली आणि सुनेला म्हणाली, "संपलं बघ माझं. आता आठ दिस, फार तर पंधरा."

यंत्र बसवायला एक वृद्ध कारागीर आले. उभं आयुष्य त्यांनी गावोगावच्या कारखान्यांत यंत्रं बसवण्यात घालवलं होतं. सगळे त्यांना थोरले मिस्त्री म्हणत. सोबत त्यांचा शिष्य निरंजन, नवा इंजिनिअर. बुद्धीने तल्लख आणि, खरं सांगायला काय हरकत आहे, तितकाच उतावळा. महिनाभर आधी येऊन त्याने हातात घड्याळ धरून बायकांचं सगळं काम मोजून नेलं होतं. सकाळचा पहिला तास त्या माल कापडावर पसरून नुसत्या गप्पा मारतात, असं त्याने वहीत लिहिलं होतं आणि पुढे शेरा मारला होता, 'हा वेळ वाचवता येईल.'

चार दिवसांत यंत्र उभं राहिलं. वरून बेदाणा ओतायचा, आतला कॅमेरा एकेक मणी बघणार, आणि नको असलेला मणी हवेच्या फुंकरीने बाजूला उडवणार. बावीस जणींचं दिवसभराचं काम दोन तासांत होणार होतं.

"करायचं सुरू?" शेठनी विचारलं. हातात नारळ होताच.

"जरा थांबा," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून एक लाल बटण काढलं. यंत्र तत्क्षणी थांबवण्याचं. असं एक बटण यंत्रावर होतंच. या दुसऱ्या बटणाला त्यांनी चाळीस फूट वायर जोडली, भिंतीच्या कडेकडेने नेली आणि ते बसवलं कुठे, तर शेवंताक्काच्या बसण्याच्या जागेशेजारी.

"आक्का," तिच्यापुढे उकिडवे बसत ते म्हणाले, "हे दाबलं की ते थांबतं. तुम्हाला वाटेल तेव्हा दाबायचं. कुणाला विचारायचं नाही."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"थांबवायला काही कळावं लागत नाही."

शेठचा चेहरा उतरला. निरंजनने मिस्त्रींना बाजूला घेतलं. "ज्या बाईला ते यंत्र डोळ्यांसमोर नकोय, तिच्याच हातात? हे म्हणजे माकडाच्या हाती कोलीत दिल्यासारखं..." म्हाताऱ्याने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं उरलेलं वाक्य घशातच राहिलं.

नारळ फुटला, यंत्र सुरू झालं, आणि पाचव्या मिनिटाला थांबलं. मिस्त्री वायरीच्या कडेने चालत शेवंताक्काकडे गेले. "काय झालं आक्का?"

"काय न्हाई," ती नजर चुकवत म्हणाली. "बघत हुते, खरंच थांबतंय का."

"बरं केलंत," म्हणून ते परतले आणि त्यांनी यंत्र पुन्हा सुरू केलं. त्या दिवशी तिने ते एकोणीस वेळा थांबवलं. एकोणीस वेळा हा सत्तरीचा माणूस तिच्यापर्यंत चालत गेला, तोच प्रश्न विचारला आणि कपाळाला एक आठी न घालता परत आला. दुपारी शेठ म्हणाले, "मिस्त्री, हा पोरखेळ किती दिवस चालायचा?" "तिचं समाधान होईपर्यंत," मिस्त्री म्हणाले. दुसऱ्या दिवशी अकरा वेळा, तिसऱ्या दिवशी सहा वेळा. निरंजन वैतागून मोजत होता.

चौथ्या दिवशी सकाळीच यंत्र थांबलं. मिस्त्री निघाले, तोवर शेवंताक्काच उठून आली होती. यंत्रापाशी ती पहिल्यांदाच येत होती. बाजूला उडवलेल्या ढिगात हात घालून तिने मूठभर बेदाणा काढला आणि निरंजनच्या नाकासमोर धरला.

"ह्ये बघ. चांगला माल फेकतंय तुझं यंत्र. दोन-दोन मणी चिकटल्यात. त्याला वाटतंय खडाच हाय."

"पण चिकटतात कशाने?"

"अरं, थंडीतनं भाईर काडल्याव घाम सुटतोय की मालाला! आधी तासभर पसरायचा, वारं लागू द्यायचं, मग हात लावायचा. आम्ही काय उगंच बसतोय व्हय सकाळी?"

निरंजनचे कान लाल झाले. त्याने वही काढली, तो शेरा खोडला आणि मुकाट्याने माल पसरायला लागला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्यात शेवंताक्काही होती.

त्यानंतर यंत्र थांबायचं ते कारणाने. कधी मण्याच्याच रंगाची काडी कॅमेऱ्याला फसवून पुढे जायची, कधी फुंकर इतकी जोराची की वाईटाबरोबर चांगलाही मणी उडायचा. ती सांगे, निरंजन यंत्रात तसा बदल करी. सातव्या दिवशी यंत्रातून उतरलेला माल हातात घेऊन शेठ म्हणाले की असा बेदाणा आपण आजवर पाठवला नाही.

संध्याकाळी हत्यारं पुसताना निरंजनने विचारलं, "मिस्त्री, ती आपल्याला इतकं शिकवणार हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं ना?"

"नाही रे."

"मग बटण तिच्याजवळ का बसवलंत?"

मिस्त्रींनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "माझी आई सूतगिरणीत सूत गुंडाळून कांड्या भरायची. एका सकाळी ती कामावर गेली, तर तिच्या जागेवर यंत्र उभं. कुणाच्या मनात पाप नव्हतं. तुला दुसऱ्या खात्यात घेऊ म्हणाले, आणि घेतलंही असतं. पण आधी तिला कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. ती घरी येऊन चुलीपुढे बसून राहिली. मी आठ वर्षांचा होतो. मला म्हणाली, 'बाळ, हे हात आता ठेवू कुठं रे?' त्यानंतर ती गिरणीची पायरी चढली नाही."

फडकं पुन्हा उचलत ते म्हणाले, "मी यंत्रं बसवायला लागलो तेव्हा एवढंच ठरवलं, की ज्या माणसाच्या जागी यंत्र येतं, त्याच्या हातात काहीतरी द्यायचं. आणि ते खरं द्यायचं, देखाव्याचं नाही. पहिल्या दिवशी शेवंताक्का एकोणीस वेळा बघत होती, की हे आपलं ऐकतं का. ऐकतं असं कळल्यावर मग तिने त्याला शिकवायला घेतलं. माल सुधारला हे आपलं भाग्य. नसता सुधारला, तरी बटण मी तिथेच लावलं असतं."

निरंजनचे डोळे भरून आले. ते लपवायला त्याने उगीच पुसलेलाच पाना पुन्हा पुसला.

दोघांच्या निघण्याचा दिवस आला. शेवटचे दोन दिवस बटण कुणी दाबलंच नव्हतं. निरंजन शेवंताक्काकडे गेला आणि तिच्यापुढे उकिडवा बसला.

"आक्का, हे बटण इथेच राहू दे ना?"

"काड की. आता काय कराचं हितं?"

एवढं सगळं होऊनही ही चाललीच का? "म्हणजे... तुम्ही उद्यापासून येणार नाही?"

"यड्या!" शेवंताक्का हसली. "येनार न्हाई तर जाते कुठं? मी आता तिकडं हुभी राहनार हाय, त्येच्याजवळ. हितनं काय दिसतंय मला? पर तुझं ते यंत्रावरचं बटण लई उंच हाय. माझा हात पुरत न्हाई."

निरंजनने बटण स्वतःच्या हाताने उतरवलं आणि यंत्राच्या अंगाला लावून धरलं. "इथे?"

"जरा खाली."

"इथे?"

शेवंताक्काने हात पुढे करून पाहिला. "हां," ती म्हणाली, "आता पुरतोय."