उन्हातल्या ताटाची कहाणी

ऐक कोवळाई, तुझी कहाणी. आटपाट नगर होतं, नगराच्या कडेला एक उतरत्या छपराचं घर होतं. छप्पर इतकं उतरतं, की ऊन अंगणात यायचं आणि उंबऱ्यापासून माघारी जायचं. त्या घरात बहीणभाऊ राहत होते. बहिणीचं नाव साळू, भावाचं नाव राघू. आईबाप तापाच्या साथीत गेले, तेव्हा राघू रांगत होता. साळू तरी केवढी? परकर सावरत पाणी आणायची, एवढीच. पण तिनं भावाला कडेवर घेतलं, ते तो तिच्या डोक्याहून उंच होईतो मनानं खाली ठेवलं नाही.

साळू गावाचं दळण दळी, कांडण कांडी. जातं आतल्या खोलीत. उजाडायच्या आत जात्यापाशी बसे, दिवस मावळला की उठे. राघू गावाची गुरं राखी. दिवसभर रानात, उन्हावाऱ्यात. झाडावर चढे, ओढ्यात पोहे, वासरांच्या मागं पळे. संध्याकाळी गाईवाले त्याला लोटाभर दूध देत. साळू ते तापवी आणि सगळं त्याच्याच वाटीत ओती.

राघू लहान होता, म्हणाला, “अक्का, तू पण ये ना जेवायला.”

साळू म्हणाली, “तू जेव, राघोबा. झालं माझं.”

राघू थोडा मोठा झाला, म्हणाला, “अक्का, रोज माझ्या आधीच कसं होतं तुझं?”

साळू म्हणाली, “रांधणारीला वास लागतो, भूक आधी लागते. झालं माझं.”

राघूला मिसरूड फुटलं, म्हणाला, “अक्का, आज तरी सोबत बस.”

साळू म्हणाली, “आज उपास आहे रे. काल असतं तर बसले असते.”

सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. हंडीत कमी पडलं की नेमका कुठला तरी वार निघे. आणि वार मोकळा असला, तर ‘झालं माझं’ होतंच.

मग काय झालं? आधी साळूचे गुडघे बोलू लागले. मग तिची पाठ वाकली. मग ती आखूड होऊ लागली. भाऊ हसून म्हणे, “अक्का, मी बघ किती उंच झालो!” बहीण हसून म्हणे, “हो रे बाबा, आता छप्पर फाडशील.” तो वाढला होता तेवढाच वाढला होता. खाली जात होती ती. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

एक दिवस साळू ओसरी सारवत होती. पाय सरकला, बसल्या जागी पडली. पडली ती केवढ्याशा उंचीवरून, पण मांडीत मोडल्याचा आवाज आला. हाड बसवणारा आला. त्यानं पाय चाचपला, पाठ चाचपली, मनगट धरून पाहिलं. म्हणाला, “राघू, हाडाला हाड जोडता येतं. हिच्या हाडात जोडायला काही उरलं नाही, नुसती नळी आहे. ही जेवते काय?”

राघू म्हणाला, “जेवते की. माझ्या आधीच जेवते.”

हाड बसवणारा पट्ट्या बांधून गेला.

साळूनं अंथरूण धरलं. राघू गुरं सोडून उशाशी बसला. तिला पेज पाजायला जाई, ती तोंड फिरवी. मग एका दुपारी तिनं डोळे उघडले, म्हणाली, “राघोबा, जेवलास का?”

राघूनं कालपासून अन्नाला शिवलं नव्हतं. पण तिच्या जिवाला घोर नको, म्हणून तो म्हणाला, “झालं माझं, अक्का.”

शब्द तोंडातून गेला आणि राघू थिजला. हा शब्द कशासाठी असतो, ते त्याला तेव्हा कळलं. त्यानं तिच्याकडं पाहिलं. ती त्याच्याकडंच बघत होती. त्याला कळलंय, हे तिलाही कळलं. ती थोडं हसली आणि गेली.

दिवसपाणी झालं. सोयरेधायरे आले, रडले, पानं वाढून घेतली, गेले. राघू एकटा राहिला. पीठ मळायला घेई, दोघांचं मळलं जाई. एक भाकरी उरे. उरलेली भाकरी दिसली की खाल्लेली घशाशी येई. मग त्यानं मळणंच सोडलं. गुरं दुसऱ्या कुणी नेली. जात्याच्या खोलीत पिठाचा वास होता, तो जाईल म्हणून त्यानं खिडकी उघडली नाही. मग दारही लावून घेतलं. सकाळी ऊन येई, दारावर टेके, आणि जाई. घरात हाक मारावी असं कुणी नव्हतं. कधी कधी तो आपणच मोठ्यानं बोले, आवाज कोनाड्यात जाऊन बसे, परत येत नसे.

शेजारीण भागाबाई कुंपणावरून विचारी, “राघू, जेवलास का रे?”

राघू आतून म्हणे, “झालं माझं.”

भागाबाई म्हणे, “बरं बाबा,” आणि आपल्या कामाला लागे.

एका आदितवारी सकाळी दार वाजलं. बाहेर एक म्हातारी होती. हळदीसारखी पिवळी, केस मोकळे, अंगाला ओल्या गवताचा वास.

“घरात कोण आहे?”

“कुणी नाही.”

“मग बोललं कोण?”

राघू चिडला. दार फटीएवढं उघडलं. “काय पाहिजे, आजे?”

“जेवलास का?”

“झालं माझं.”

“कधी?”

“झालं म्हटलं ना!”

“तुझ्या चुलीत मांजर व्यालंय. पिल्लं डोळे उघडायला आली. आणि म्हणे झालं माझं!”

राघूचं डोकं फिरलं. हाताशी रिकामा लोटा होता, तोच त्यानं भिरकावला. लोटा म्हातारीच्या अंगातून आरपार गेला, अंगणात पडला आणि सोन्यासारखा झळाळला. राघू खाली बसला, हात जोडले.

म्हातारी म्हणाली, “भिऊ नकोस. मी कोवळाई. सकाळच्या कोवळ्या उन्हाची देवी.”

भीती होती तोवर हात जोडलेले होते. नाव ऐकलं आणि रागानं ते सुटले. “देवी? मग माझी अक्का झिजत होती तेव्हा कुठं होतीस?”

“याच दारात. पहिल्यांदा आले, म्हटलं, पोरी, बाहेर ये, पाठ शेकून घे. म्हणाली, दळण पडलंय. दुसऱ्यांदा आले, म्हटलं, वाटीभर दूध पी. म्हणाली, भावाला ठेवलंय. तिसऱ्यांदा आले, म्हटलं, दोन घास तरी खा. म्हणाली, झालं माझं. आम्हां देवांना माणसाचा शब्द ओलांडता येत नाही, बाळा. झालं म्हटलं की आमच्या लेखी झालं. तुझ्या विझलेल्या चुलीनं तुझा शब्द खोटा पाडला, म्हणून तुला विचारता आलं.”

राघू रडला. हुंदके देऊन, नाक पुसत, लहान मुलासारखा रडला. मग म्हणाला, “माझी अक्का मला परत दे. दुसरं काही नको.”

कोवळाई म्हणाली, “मी उद्याचं ऊन आणते, बाळा. कालचं मला आणता येत नाही.”

राघू म्हणाला, “मग मी काय करू?”

“एक वसा सांगते. पण तू उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील.”

“उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही.”

“तर ऐक. आदितवारी सकाळी दार सताड उघडावं. अंगणात घोंगडी अंथरावी. नाचणीची भाकरी करावी, तिळाची चटणी करावी, शेवग्याच्या पाल्याची भाजी करावी, वाटीभर दही घ्यावं. ज्या घरी जी बाई सगळ्यांत शेवटी जेवते, तिला बोलवावं. तिची पाठ उन्हाकडं करून तिला आधी वाढावं. तिनं घास मोडल्याशिवाय आपण मोडू नये. ‘झालं माझं’ हा शब्द त्या अंगणात कुणी उच्चारू नये. जेवण झालं की पडून राहू नये. वेशीपर्यंत सगळ्यांनी पायी जावं. पोरांनी लंगडी घालावी, बायांनी फुगडी घालावी. पाय भुईवर आपटले की हाडं जागी राहतात. असं वर्षभर करावं, मग उद्यापन करावं.”

एवढं सांगितलं. ऊन वर चढलं, कोवळाई दिसेनाशी झाली.

राघूनं वसा घेतला. मांजरीला पिल्लांसकट टोपलीत ठेवलं, चूल पेटवली. पुढच्या आदितवारी भाकऱ्या थापल्या. एक फाटली, एक करपली. दोन ताटं मांडली आणि भागाबाईच्या दारात गेला.

“मावशी, तुमच्या घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं?”

“का रे? तुला काय करायचंय?”

“तिला जेवायला बोलवायचंय.”

“अगं बाई! माझ्या सुनेला जेवायला बोलावतोस? दिवसाढवळ्या? आणि सासूनं काय, खिडकीतून बघावं? बहिणीबरोबर तुझी अक्कलही गेली वाटतं!”

“तुम्हीही या ना, मावशी.”

“आमच्या घरी अन्न आहे.” दार लागलं.

राघू अंगणात येऊन बसला. एक ताट त्याच्यापुढं, एक समोर. समोर कुणी नाही. घास मोडता येईना. ऊन अंगणातून गेलं तरी बसून राहिला. मग दोन्ही ताटं वाटेनं जाणाऱ्या गाईपुढं ठेवली. त्या दिवशी त्याला घर जितकं मोठं वाटलं, तितकं आधी कधी वाटलं नव्हतं.

दुसरा आदितवार आला. पुन्हा ताटं मांडली, पुन्हा घोंगडी अंथरली. गेल्या खेपेचं सगळं भागाबाईनं कुंपणाआडून पाहिलं होतं. तिला राहवेना. कमरेवर हात ठेवून अंगणात आली.

“बघू, काय रांधलंयस?”

“बसा, मावशी. जेवा.”

“मी कशाला? झालं माझं.”

राघू ताडकन उठला. “खोटं! माझ्या अंगणात हा शब्द पुन्हा काढायचा नाही!” मग तो हळू आवाजात म्हणाला, “काय झालं तुमचं, मावशी? काय खाल्लंत, ते सांगा.”

भागाबाईचे हात कमरेवरून खाली आले. मग म्हणाली, “खरवड खाल्ली. भाताची.”

“कधीपासून?”

“सासू होती तेव्हापासून. आधी पुरुष, मग पोरं, मग ती, मग मी. ती जाऊन किती पावसाळे झाले! घरात मोठी मी, आणि बूड माझं अजून मागंच. आता माझ्याही मागं सून बसते.” पदरानं डोळे टिपले. “कसली मेली सवय ही!”

भागाबाई घोंगडीवर बसली. पाठीवर ऊन आलं. तिनं घास मोडला. मग राघूनं मोडला. अर्धी भाकरी संपल्यावर भागाबाई म्हणाली, “मेल्या, भाकरी केवढी करपवलीस! उकडीचं पीठ घ्यावं, कोमट पाण्यानं थापावं. पुढच्या वेळी मी येऊन दाखवते.”

तिसरा आदितवार आला. भागाबाई आली, आणि तिच्या मागून तिची सून मंजुळा आली. कडेवर तान्हं लेकरू, मनगटं काडीसारखी, पाण्याची घागर उचलायची तर भिंत धरून उचलणारी. भागाबाईनं तिला उन्हाकडं पाठ करून बसवलं. मंजुळा घाबरली, म्हणाली, “आत्याबाई, तुम्ही आधी.”

भागाबाई म्हणाली, “लेकराला तू पाजतेस की मी? खा मुकाट्यानं. मोड घास, हा पोरगा उपाशी ताटकळतोय.”

मंजुळानं घास मोडला.

मग दर आदितवारी अंगण भरू लागलं. कुणी दही आणी, कुणी शेवग्याचा पाला आणी. पलीकडच्या आळीतली सासुरवाशीण आली, वाकलेली सुईण आली. पुरुष आधी कुंपणाबाहेर उभे राहून हसले. मग वास आला, तसे आत आले. त्यांना शेवटी वाढलं, तेव्हा हसू थांबलं. जेवण झालं की सगळे वेशीपर्यंत जात. भागाबाई फुगडी घाली आणि म्हणे, “कमरेत कळ आली तर राघूला शिव्या घालीन!” कळ काही आली नाही. मंजुळा घागर एका हातानं उचलू लागली. घराघरांत ताटं एकदम मांडली जाऊ लागली. राघूनं जात्याच्या खोलीची खिडकी उघडली, उन्हाला आतपर्यंत वाट दिली.

वर्ष झालं, उद्यापन आलं. सगळी आळी अंगणात बसली. राघूनं सगळ्यांना वाढलं, जेवला, आणि पंगतीवरून नजर फिरवली. इतकी माणसं होती. त्यात त्याचं एकच माणूस नव्हतं. तो उठला, अंगणाच्या कोपऱ्यात तोंड फिरवून उभा राहिला.

शेजारी कोवळाई येऊन उभी राहिली. कुणाला दिसली नाही, त्यालाच दिसली.

म्हणाली, “अजून अक्का हवी?”

राघू म्हणाला, “हवी.”

“अजून रडतोस?”

“रडतो,” राघू म्हणाला. “पण जेवून रडतो.”

कोवळाई हसली. त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात ऊबदार होता. मग तिकडून भागाबाईनं हाक मारली, “राघू, वेशीला चाललोय, येतोस ना?” राघूनं डोळे पुसले, म्हणाला, “आलो,” आणि गेला.

जशी कोवळाई राघूला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. ज्याचं माणूस गेलं, त्याला हाक मारणारं कुणी असो. जी वाढते, तिचं ताट मांडलेलं असो. म्हाताऱ्यांची पाठ ताठ राहो, लेकरांचे पाय धावते राहोत. ही साठां उत्तरांची कहाणी, पाचां घासांत सांगितली, उन्हात सुफळ आणि पंगतीत संपूर्ण.