लावीची पिल्ले आणि गव्यांची वाट

नदीकाठच्या रानात एक लावी राहत असे. राहत असे म्हणण्यापेक्षा, बालमित्रांनो, ती सारखी इकडून तिकडे पळत असे असेच म्हटले पाहिजे. तिचे घरटे वाटेच्या अलीकडे आणि पिल्लांचे पोट भरणारी वारुळे पलीकडे. मधली वाट गव्यांची, नदीवर जाण्याची. पाण्यावर आधी पोचेल त्याला नितळ पाणी, मागून येईल त्याला गढूळ. म्हणून सगळा कळप ऊर फुटेस्तोवर धावायचा. लावी मान वर करून कानोसा घ्यायची, दोन पावले पुढे टाकायची आणि पुन्हा मागे यायची. तिचे एक पिल्लू याच वाटेवर चिरडले गेले होते. त्या दिवसापासून तिच्या जिवाला चैन नव्हते.

शेवटी ती कळपाच्या म्होरक्याकडे गेली. "गवेदादा, आम्ही वाट ओलांडतो तिथे जरा सावकाश चालाल का?" म्होरक्या फुरफुरला, "वाट धावण्यासाठीच असते, बाई! तूच तुझ्या पिल्लांना वळण लाव." तरीही उपकार केल्याच्या थाटात त्याने कडेच्या झाडावर एक पोपट बसवला. पोपट "जपून! जपून!" असे ओरडू लागला. खुरांच्या धडधडाटात गव्यांना ते ऐकूच येईना, आणि पिल्ले मात्र कोण बोलतेय हे बघायला वाटेच्या मधोमध थांबू लागली. रोग बरा, पण औषध नको, अशी गत झाली.

मग लावी पिल्लांच्या मागे लागली. लाव्यांच्या कुळात आईची पहिली शिकवण एकच : भीती वाटली की जमिनीला चिकटून निपचित पडायचे. घारीपासून ती वाचवते. खुरांखाली तीच जीव घेते. "आवाज आला की बसू नका, पळा!" असे सांगून सांगून लावीचा घसा बसला. पिल्लांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या, आणि संध्याकाळी कळपाची चाहूल लागताच सगळी वाटेवरच चिकटून बसली. चोचीने ढकलत तिने त्यांना कसेबसे कडेला आणले. शेवटच्या पिल्लाच्या पाठीला खूर घासून गेला. लावीने त्याला पंखाखाली घेतले. "यांचा स्वभाव काही बदलायचा नाही," ती म्हणाली, "आता वाटच बदलायला हवी!"

ती तशीच रानडुकराकडे धावली. "डुक्करदादा, सगळे रान उकरता, मग तेवढी गव्यांची वाट का सोडलीत?" "ते खवळतील ना!" रानडुक्कर म्हणाले. "त्यांचा राग मी झेलते. तुम्ही उकरा." रानडुकराच्या नाकाला खाज होतीच. लावी वाट ओलांडायची त्या जागेच्या मागेपुढे त्याने वाट उकरून खाचखळगे करून ठेवले.

दुसऱ्या संध्याकाळी कळप तिथे आला आणि पाय मोडण्याच्या धास्तीने एकेक पाऊल बघून टाकू लागला. म्होरक्या संतापून बाजूला झाला. "कोणी केले हे? आत्ताच्या आत्ता बुजवा!" "मी करवून घेतले," लावी म्हणाली. ती जागची हटली नाही. एवढ्यात गवतातून म्होरक्याचेच कोवळे वासरू, आईची नजर चुकवून, वाट ओलांडणाऱ्या लावीच्या पिल्लांच्या मागोमाग वाटेवर उतरले. समोरून कळप येताना पाहून ते बिचारे मधोमध खिळून उभे राहिले. गवे धावत नव्हते, सावकाश चालत होते, म्हणून त्यांना जागच्या जागी थांबता आले.

म्होरक्या वासराजवळ धावला. तो कितीतरी वेळ वासराला चाटत राहिला. मग रानडुकराकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "पुढच्या वळणावरही उकर. तिथून हरणांची पाडसे जातात."

तात्पर्य : घाबरलेला जीव चुकणारच, त्याची चूक प्राणांवर बेतणार नाही अशी वाट ठेवणे, हे धावणाऱ्या बलवानाचे काम आहे.