जाते म्हणणारं गाव

बेथेलवाडीत पाहुणा म्हणून गेलात, तर निघताना तुमची फजिती ठरलेली. सवयीने तुम्ही "येतो हं" म्हणाल आणि घरातली म्हातारी कपाळाला आठ्या घालून सांगेल, "येतो न्हाई म्हनायचं. जातो म्हना." सगळा महाराष्ट्र ज्या शब्दाला अशुभ म्हणून जीभ चावतो, तोच शब्द इथे लहान पोरसुद्धा बिनदिक्कत बोलतं. या गावात नव्याने आलेल्या सुना पहिल्या दिवशी नवरा "जातो" म्हणून कामाला निघाला की रडायला लागतात. मग कुणीतरी त्यांना चर्चच्या आवारात, घंटा वाजवणाऱ्या सुभानराव साळव्यांकडे पाठवतं. सुभानराव आधी पोरीला पाणी देतात, मग ही हकिकत सांगतात.

गाठीच्या तापाचं, म्हणजे प्लेगचं, ते वर्ष. आसपासच्या गावांतून माणसं पटापट गेली. आईबापांना सरकारी माणसांनी छावणीत उचलून नेलं आणि झोपड्यांत नुसती पोरं उरली, असं सांगतात. सख्खे चुलतेसुद्धा त्या पोरांना शिवायला तयार नव्हते. बेथेलवाडी म्हणजे तेव्हा वीस घरांची ख्रिस्ती वस्ती. एकवेळची भाकरी मिळाली तर प्रभूचे आभार मानायचे, अशी गत. तरीही भगिनी मंडळाच्या पाच बायकांनी अकरा पोरं गोळा करून चर्चमध्ये आणली. त्यांना ना कुणाचा हुकूम होता, ना पगार. प्रत्येकीने एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंत आत राहायचं, अशी पाळी त्यांनी लावून घेतली.

तिसरी पाळी रिबका पाटोळेची होती. नवरा मुंबईला गोदीत कामाला, घरी सासू तुळसाबाई आणि पाच वर्षांची सगुणा. उंबऱ्यावर पोरीचा गालगुच्चा घेऊन रिबका म्हणाली, "येते हं, रविवारी."

चर्चमध्ये पहिल्याच संध्याकाळी ती घागर घेऊन उठली आणि सहज "येते" म्हणाली. तर अकराच्या अकरा पोरांनी एकदम हंबरडा फोडला. ठकू नावाची त्यांतली थोरली, असेल आठेक वर्षांची, ती दार अडवून उभी राहिली. रिबकाला काही उमगेना. पाणी आणायलाही सोडत नाहीत म्हणजे काय हा हट्ट! दोन दिवस ती चिडलीसुद्धा. तिसऱ्या दिवशी ठकूनेच सांगितलं.

"आई बी येतेच म्हनली व्हती. समद्यांच्याच आया म्हनल्या व्हत्या."

त्यानंतर त्या चार भिंतींत रिबकाने तो शब्द उच्चारला नाही.

शुक्रवारी एका पोराच्या काखेत गाठ आली. शनिवारी सरकारी माणसांनी चर्चभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि हवालदार बसवला. शेवटचा रोगी बरा झाल्यावर किंवा दगावल्यावर एकवीस दिवस होईपर्यंत कुणी आत यायचं नाही, कुणी बाहेर जायचं नाही. रिबकाने दिवस मोजायला घेतले. पंधरावर आली तर दुसरं पोर तापलं. पुन्हा पहिल्यापासून. अठरावर आली तर आणखी दोघं. भाकऱ्या कुंपणापलीकडे दगडावर ठेवून बायका लांब जायच्या आणि लांबूनच प्रार्थना म्हणायच्या.

खिडकीतून तिला स्वतःच्या घराची कौलं दिसायची. दोनशे पावलं असतील, पण लंकेइतकी लांब.

पहिल्याच रविवारी सगुणा धुतलेला झगा घालून कुंपणाशी आली.

"आई, रविवार झाला."

"येते गं."

"कधी?"

"येते." आतल्या पोरांसमोर जे बोलायची चोरी होती, ते ती स्वतःच्या पोरीला कुंपणावरून ओरडून सांगत होती. आपण खोटं बोलतोय हे तिला कळत होतं, पण दुसरं काय सांगायचं ते सुचत नव्हतं. असे सहा रविवार गेले. सातव्या रविवारी सगुणा आली नाही. आठव्यालाही नाही.

रिबका तेव्हा वेड्यासारखी झाली, असं सांगतात. भिंतीला पाठ घासत बसायची. देवाशी भांडायची. हवालदार पोराबाळांचा माणूस होता, त्याला पाहवेना. एका दुपारी त्याने कुंपणातली एक काटेरी फांदी बाजूला ओढली आणि म्हणाला, "बाई, मी वढ्यावर पानी पिऊन येतो. तवर हितं काय झालं ते मला ठावं न्हाई."

रिबका फटीपर्यंत पोचली. मागे वळून पाहिलं. ठकू दारात उभी होती, तापलेलं तान्हं कडेवर घेऊन. या वेळी ती रडली नाही, आडवीही आली नाही. तिला काही नवीन नव्हतंच. रिबकाने आपल्या हातांकडे पाहिलं. याच हातांनी तिने सकाळी गाठी शेकल्या होत्या. याच हातांनी आता सगुणाला उचलून घ्यायचं? ती तिथेच खाली बसून ओक्साबोक्शी रडली. मग उठली, ती काटेरी फांदी स्वतःच्या हाताने जागेवर ओढली आणि आत गेली.

शहात्तर दिवसांनी कुंपण निघालं. चार पोरं मागच्या आवारात पुरली होती, सात जगली. रिबकाचं लुगडं जाळलं, तिला कडुनिंबाच्या पाण्याने न्हाऊ घातलं आणि ती धावत घरी आली. सगुणा ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने मान वर करून पाहिलं.

"कोन पायजे?"

"अगं, आई हाय तुझी!" तुळसाबाई आतून ओरडली. सगुणा सूप उचलून घरात गेली. कित्येक दिवस पोरगी तिला "ओ बाई" म्हणायची, म्हणे.

सात पोरांना अजून कुणी वाली नव्हता, तेव्हा पुन्हा पाळ्या लागल्या; आता नुसत्या दिवसाच्या. रिबकाची पाळी आली. उंबऱ्यावर तिच्या ओठांवर "येते" आलं, तेवढ्यात मागून पदर ओढला गेला. इतक्या दिवसांत सगुणाने आईला पहिल्यांदा हात लावला होता.

"येते म्हनू नगं. जाते म्हन."

"असं म्हनू नये, बाळा."

"जाते म्हन. मंग मी वाट न्हाई बघनार."

रिबकाला हुंदका आवरेना. तरी ती म्हणाली, "जाते." सगुणाने पदर सोडला.

दिवेलागणीच्या आधी ती परतली, तेव्हा सगुणा ओट्यावर बसली होती. रस्त्याकडे पाठ करून, ताठ. पावलं वाजली तरी वळली नाही. रिबका जवळ जाऊन नुसती शेजारी बसली. बऱ्याच वेळाने पोरीने डोकं तिच्या मांडीवर टेकलं.

पुढे पाळीला निघणारी प्रत्येक बाई "जाते"च म्हणू लागली, आणि तिच्यामागून सगळं गाव. आजही बेथेलवाडीत घरातलं कुणी बाहेर गेलेलं असलं, की ओट्यावर रस्त्याकडे पाठ करून बसलेलं माणूस दिसतं. कधी म्हातारा, कधी सून, कधी शाळेतून आलेलं पोर. वाट बघताय का म्हणून विचारलंत, तर मान न वळवता सांगतात, "छ्या, कोन वाट बघतंय?"