शालीवरचा फटका

आयर्नच्या, म्हणजे लोखंडी पात्याच्या काठीच्या, फटक्यात चेंडूबरोबर मातीसकट गवताचा लचका उडाला नाही, तर तो फटकाच नव्हे, असं गोल्फ क्लबचे कप्तान विश्वासराव शितोळे ठासून सांगत. त्या सकाळी नुकत्याच झालेल्या सत्काराची शाल खांद्यावर मिरवत ते संघ निवडत होते. निवडीसाठी आलेल्या ईरा केळुसकरचा चेंडू भोकातल्या झेंड्याजवळ अलगद थांबला. गवत मात्र नुसतं विंचरल्यासारखं दिसत होतं.

"लचका कुठंय, पोरी? हा निव्वळ योगायोग. तू संघात नाहीस."

"सर, लचक्याशिवाय असा फटका बसतच नाही?"

"शक्यच नाही!"

"मग तुमची शाल द्या. चेंडू तिच्यावर ठेवून मारते. शाल फाटली तर या मैदानात पुन्हा पाऊल ठेवणार नाही."

सगळे बघत होते, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. कप्तानांनी शाल गवतावर अंथरली. ईराची काठी वर गेली तसा त्यांनी श्वास रोखला.

चेंडू आभाळात चढत चढत दिसेनासा झाला आणि झेंड्यापाशी उतरून जागीच बसला. कप्तानांनी गुडघे टेकून शालीवरून हात फिरवला. एकही धागा उसवला नव्हता! असं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. तरी तोंडातून निघालंच, "पण लचका..."

"सर, जमीन क्लबची होती तेव्हा तुम्हाला लचका हवा होता. शाल तुमची होती तेव्हा तो निघू नये म्हणून तुम्हीच श्वास रोखून उभे होतात."

कप्तान शाल तिथंच टाकून उठले आणि आपली काठी ईरापुढे धरत म्हणाले, "संघात तर तू आहेसच. आधी मला हे शिकव."