वानरीचा मोबाइल आणि न वाचलेली सूचना

डोंगरउतारावर सागाचे एक रान होते. तिथल्या पाणवठ्याकाठी, उंच अर्जुनवृक्षाच्या शेंड्यावर एका म्हाताऱ्या वानरीचा मुक्काम असे. मुलांनो, उन्हाळ्यात त्या रानाला तेवढेच एक पाणी उरे, आणि बिबट्याही तिथेच दबा धरून बसे. वरून नजर ठेवायची आणि हरणांना सावध करायचे, हे काम वानरीने तरुणपणापासून केले होते. आता तिचा आवाज बसला होता. तिची हाक पलीकडच्या माळापर्यंत पोहोचत नसे. म्हणून तिने एक मोबाइल घेतला होता. पाणवठा निर्धोक दिसला की ती म्होरक्या हरिणीला निरोप धाडी, "कोणी नाही, या." मगच कळप खाली उतरे.

पुढे मोबाइल रेंगाळू लागला. निरोप लिहायला जावे तर पडद्यावर नुसते चक्र फिरत राही आणि तिकडे हरणे तहानेने तळमळत. एके दिवशी झाडाखालून जाणाऱ्या मुंगसाने वानरीची चिडचिड ऐकली. मुंगूस मनाचे वाईट नव्हते. पण कोणतीही वस्तू हाती आली की ती उघडून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

"आजी, दे इकडे," ते म्हणाले. "कंपनीने यात नको नको ते भरून ठेवलंय. हे सॉफ्टवेअर काढून मी दुसरं घालतो. मग बघ कसा पळतो!"

"अरे, पण याची वॉरंटी अजून शिल्लक आहे. तिला काही होणार नाही ना?"

"त्यांना कशाला कळतंय? आणि वाटलंच तर जुनं पुन्हा घालून देईन की."

मुंगसाने भराभर बटणे दाबली. पडद्यावर मोठ्या अक्षरांत एक सूचना उमटली.

"हे काय लिहिलंय रे?" वानरीने विचारले.

"असंच असतं ते. तू 'हो' दाब."

सकाळपासून उन्हात डोळे ताणून वानरी थकली होती. वाचायचे तर पुन्हा डोळे ताणायला हवेत. तिने न वाचताच 'हो' दाबले.

मोबाइल खरोखरच पळू लागला. वानरीने मुंगसाला तोंड भरून आशीर्वाद दिले. पण ऐन वैशाखात एका दुपारी पडदा अचानक काळाठिक्कर पडला. काही केल्या उजळेना. वानरी झाडावरून उतरली आणि कंबर धरत रानाच्या वेशीवर गेली. तिथे कंपनीचे दुरुस्ती केंद्र होते आणि एक बगळा ते सांभाळत असे. बगळ्याने मोबाइलला तार जोडली आणि मान वाकडी करून बराच वेळ पाहिले.

"आजी, याचं सॉफ्टवेअर बदललंय."

"बदललंय. पण बिघडलाय तो पडदा. सॉफ्टवेअरने पडदा कसा विझेल?"

"त्याने नसेलही विझला," बगळा म्हणाला. दिवसभर हेच बोलून त्याचाही घसा सुकला असावा. "पडदा मुळातच कच्चा असेल. तसं दिसलं असतं तर मी तो फुकट बदलून दिला असता. पण नव्या सॉफ्टवेअरने आत काय केलं, हे मला आता कसं कळणार? म्हणून आमच्या कंपनीची अटच आहे, सॉफ्टवेअर बदललं की वॉरंटी संपली. बदलण्याआधी तशी सूचना येते. तुम्ही 'हो' म्हटलंय."

"जुनं परत घालून आणलं तर?"

"घाला. पण एकदा बदल झाला की याच्या आत खूण उमटते. ती पुसता येत नाही."

नवा पडदा विकत घेण्याजोगे वानरीकडे काही नव्हते. काळा मोबाइल काखेत मारून ती परत फिरली.

इकडे माळावर हरणे निरोपाची वाट पाहत ताटकळली होती. सूर्य कलला तरी निरोप येईना. शेवटी एका पाडसाला तहान सोसवेना आणि ते एकटेच पाण्याकडे धावले. बिबट्या तिथेच होता. पाडस कसेबसे निसटले, पण त्याची मांडी फाटली. वानरी माळावर पोहोचली तेव्हा हरिणी त्याची जखम चाटत होती.

"आम्हाला वाटलं, तू बघते आहेस," हरिणी एवढेच म्हणाली.

मुंगूसही मान खाली घालून आले. "आजी, मी तुझं भलं करायलाच गेलो होतो गं."

"ठाऊक आहे रे," वानरी म्हणाली. "पण बगळ्यासमोर मी एकटीच उभी होते."

त्यानंतर उन्हाळाभर वानरी रोज झाडावर चढून पाणवठा न्याहाळी, खाली उतरून माळ गाठी आणि हरणांना स्वतः घेऊन येई. हरणे पाणी पीत तेव्हा ती काठावर बसून गुडघे चोळत राही.

तात्पर्य : थकव्याच्या भरात न वाचता दिलेला होकार परत घेता येत नाही, आणि बदल करून देणारा पुढची जबाबदारी घेईलच असे नाही, हे आधीच ओळखावे.