पवित्र गुरुवारची भट्टी

प्रवरेकाठच्या तांबेवाडीत, चर्चमागच्या एका खोलीत दानिएलबाबा राहत असत. बाबांना ना पदवी, ना पगार; पण घर ख्रिस्ती असो की दुसरे कोणते, अडले की सगळे त्यांच्याकडेच धाव घेत. शमुवेल आढाव त्यांपैकीच एक. नदीकाठी त्यांचा कौलांचा कारखाना होता, आणि मालक असूनही माणूस स्वभावाने गरीब.

त्या वर्षी कारखान्यावर संकट आले. भाजून निघालेली कौले आठ दिवसांत आपोआप तडकू लागली. दोन भट्ट्या वाया गेल्या, कारण कोणालाच कळेना. तिसरी बिघडली तर कारखाना बंद, आणि चौदा कामगारांच्या चुली थंड. शमुवेल बाबांपाशी जाऊन बसले.

बाबा म्हणाले, "उद्या पवित्र गुरुवार. आपल्या प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तो दिवस. तू तुझ्या कामगारांचे धू, मग भट्टीचे बघ."

"पण बाबा, कौलांचं काय?"

"आधी पाय."

झाले! हे हिरामण मिस्त्रींच्या कानी गेले. भट्टीतले जाणकार म्हणून त्यांचा दरारा मोठा, आणि घमेंडही तेवढीच. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर हसून ते म्हणाले, "मालक, आज पाय धुताय, उद्या ही माणसं डोक्यावर मिरे वाटतील. भट्टी लाकडानं भाजते, प्रार्थनेनं नाही. तुमचं चालू द्या, मी पेटवतो."

शमुवेलांना ते फार लागले. हातातली घागर खाली ठेवून घरी जावे असेही क्षणभर वाटले. पण समोर ओट्यावर बाबा बसले होते. शमुवेलांनी गुडघे टेकले.

तिकडे मिस्त्रींनी काडी ओढली. चैत्रातली बाभूळ, वाळून खडखडीत झालेली. तरी जाळ धरेना! रॉकेल ओतले, भपका झाला आणि विझला. मिस्त्री घामाघूम. लाकूड दमट असेल म्हणणारे अजूनही भेटतात. त्यांनी चैत्रात एकदा आमच्याकडे येऊन पाहावे.

इकडे चिखल तुडवणाऱ्या सगुणाबाईंची पाळी आली. त्यांचे पाऊल हाती घेताच परातीतल्या पाण्याला लाली चढली. तळव्याला बारीक चिरा, आणि एका चिरेत रुतलेला पांढरा खडा. चुनखडी! मातीत ती राहिली की भट्टीत तिचा चुना होतो, आणि पुढे हवेतल्या ओलीने फुगून तो कौल फोडतो.

"सगुणाबाई, हे कधीपासून?"

"नव्या खाणीची माती आली तवापासून. मिस्त्रींना सांगितलं व्हतं. ते म्हनले, पाय नाजूक झाले तुमचे."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुमी कधी इचारलं, मालक?"

या माणसांसाठी शमुवेल रोज पहाटे प्रार्थना करीत, पण त्यांच्याशी दोन शब्द बोलायला मात्र त्यांना वर्षभरात सवड झाली नव्हती. फार लाज वाटली त्यांना. ते म्हणाले, "भट्टी उतरवा. ही माती टाकून द्या. जुन्या खाणीतून आणू."

मिस्त्री काडेपेटी हातात घेऊन मागेच उभे होते. नवी खाण त्यांनीच निवडलेली. जाळ धरला असता, तर आज कारखाना त्यांच्या हातून बुडाला असता. आता मालक हाकलणार, असे ते धरूनच चालले होते.

शमुवेलांनी परातीतले पाणी बदलले. "बसा, मिस्त्री. तुम्ही राहिलात."

"मला काढून टाका, मालक, पण हे नका करू!"

शमुवेलांनी ऐकले नाही. दोन्ही पाय नीट धुतले, पंच्याने पुसले. मिस्त्रींच्या डोळ्यांना धार लागली. उठून ते बाबांच्या पायांवर पडायला गेले, तर बाबांनी पाय आखडून घेतले.

बाबा म्हणाले, "माझे पाय कुठे त्या चिखलात होते?"

मिस्त्री वळले आणि सगुणाबाईंच्या पावलांवर त्यांनी डोके टेकले. बाई संकोचून पाय मागे घेऊ लागल्या, पण मिस्त्रींनी मान वर केली नाही.