रेशम्याची फणी

डोंगराच्या कुशीत फुलांचं एक इवलंसं गाव होतं. वाफ्यावाफ्यात पिवळीधमक शेवंती, दुधासारखा निशिगंध, लालचुटूक गुलाब. सकाळचं ऊन पडलं की सगळं गाव कसं लखलखायचं!

पण गावाच्या टोकाला एक झोपडी होती. तिथे मात्र उजेड असून नसल्यासारखा होता. तिथे कुंदा राहायची, तिच्या आईबरोबर. आई फुलांच्या माळा ओवायची. तिच्यासारखी माळ साऱ्या पंचक्रोशीत कुणाला जमत नव्हती. पण गेल्या वर्षापासून आईच्या डोळ्यांवर धुकं उतरलं. सुई फुलात जायच्या ऐवजी बोटात जायची आणि पांढरं फूल लाल व्हायचं.

“कुंदे, सुईत दोरा घालून दे गं,” आई म्हणायची.

आठ वर्षांची कुंदा दोरा घालून द्यायची, पाणी भरायची, भाकरी थापायची. भाकरी एकच असली की मोठा तुकडा आईच्या ताटात ठेवून म्हणायची, “माझं झालं जेवून.” खोटं बोलू नये हं मुलांनो! पण एवढं एक खोटं देवानं पोटात घातलं असेल.

एके दिवशी शेवंतीच्या वाफ्यात कुंदाला एक चिखलाचा गोळा दिसला. गोळा गुरगुरला! कुंदा दोन पावलं मागे सरली. नीट पाहिलं तर ते होतं एक कुत्र्याचं ध्यान, केवढंसं, ओंजळीत मावेल एवढं. केसांचा नुसता गुंता झालेला. डोळे कुठे आणि नाक कुठे, कळायला मार्ग नाही. ते चाललं की गुलाबाच्या काट्यावर आपटायचं, आणि आपटलं की काट्यावरच भुंकायचं.

“एवढंसं आहेस, आणि रुबाब केवढा रे तुझा!” कुंदा हसली.

तेवढ्यात ठकूमावशी आली. साऱ्या गावाची काळजी तिलाच.

“अगं बाई, हात लावू नको! जट आलीय त्याला. देवीची असते ती. फणी लावली, कात्री लावली तर कोप होतो!”

कुंदा घाबरली. पिल्लाला परकराच्या ओच्यात घेऊन ती घरी पळाली.

“आई, देवी खरंच कोपेल का गं?”

आईने चाचपून पिल्लाचं तोंड पाहिलं.

“देवीला आपण काय म्हणतो?”

“आई म्हणतो.”

“मग लेकराच्या डोळ्यांत केस जातायत, आणि आईला ते बरं वाटेल होय? आण ती फणी.”

कुंदाने आधी काय केलं, तर पिल्लाला बदाबदा पाणी ओतून धुतलं. तिथेच चुकलं! भिजून गुंता आणखीच आवळला, अगदी सुंभासारखा झाला.

“असू दे,” आई म्हणाली. “दोऱ्याचा गुंता आपण कसा सोडवतो? ओढत नाही ना? आधी वाळू दे. मग टोकापासून धर. केसाचं मूळ बोटात घट्ट पकड, म्हणजे कातडी ओढायची नाही. खोबरेल लाव, थेंबच, आंघोळ नको घालू तेलाची.”

एक दिवस झाला, दोन दिवस झाले. कुंदा रोज शेवंतीच्या वाफ्यापाशी उन्हात बसायची आणि एक एक गाठ सोडवायची. पिल्लू उपड्या टोपलीवर पाटलासारखं ऐटीत बसायचं. दुखलं की गुरगुरायचं आणि लगेच तिचं बोट चाटायचं. गुंत्याखालून पाठीवर निळसर चांदी निघाली. तोंडावर, पायांवर पिवळंधमक सोनं निघालं. कुंदाने त्याचं नाव ठेवलं रेशम्या.

नवव्या दिवशी कपाळावरची शेवटची गाठ सुटली आणि... झळ्ळ्!

गुंत्यातून एक निळी निळी ठिणगी उडाली. ठिणगी कसली, अंगठ्याएवढी परी होती ती! गुलाबी झगा, दवबिंदूंची माळ, आणि कुरकुरीत वाळलेल्या पानासारखे चुरगळलेले पंख.

“हुश्श!” परी पंख झटकत म्हणाली. “किती महिने अडकले होते गं मी! कुणी भिऊन फणी लावेना. आणि कुणी घाईने कात्री लावली असती, तर माझे पंखच गेले असते. तू मात्र एकही केस तोडला नाहीस. माग, एक इच्छा माग!”

कुंदाचं तोंड उघडलंच होतं, पण परीने बोट वर केलं.

“थांब, राणी. नियम ऐक. आठ दिवस रेशम्याला नीट सांभाळायचं. आठव्या दिवशी सूर्य मावळायच्या आत याच वाफ्यात येऊन इच्छा सांगायची. मावळला की संपलं. आणि जे तुझ्या हातांना जमतं, ते माझ्याकडे मागायचं नाही.”

“याच्या केसांचा पुन्हा गुंता होऊ नये, असं मागू?”

“हात आहेत ना तुला?” परी खुदकन हसली. “हा टेरियर जातीचा कुत्रा आहे, कुंदा. याचे पणजोबा दूर धुक्याच्या देशात उंदीर पकडायचे. हा स्वतःला लहान समजतच नाही, म्हणून तू समजायचं. याचे केस माणसासारखे वाढतात, रोज विंचर. आत लोकर नाही, थंडी बाधते. गळा गवताच्या काडीसारखा नाजूक आहे, गळ्यात दोरी नको, छातीला पट्टी बांध. दात मऊ फडक्याने पूस. द्राक्ष एकही देऊ नकोस, ते याला विष आहे. आणि पोट लिंबाएवढं आहे. दिवसातून चारदा, थोडं थोडं. विसरू नकोस!”

कुंदा एकही गोष्ट विसरली नाही. कपाळावरच्या केसांची तिने शेंडी बांधली, आईच्या माळेतल्या लाल दोऱ्याने. आता रेशम्याला जग दिसू लागलं आणि जगाला रेशम्या! रस्त्याने तो असा चालायचा, जणू गावाचा सातबारा त्याच्याच नावावर आहे. कुंदाची मान त्याच्याहून ताठ.

गावात तेव्हा घुशींचा कहर झाला होता. रात्रीतून निशिगंधाचे कंद फस्त व्हायचे. आठव्या दिवशी सकाळी रेशम्या वाफ्यात शिरला, माती हुंगली आणि खणू लागला. भस्सकन एक घूस बाहेर आली, त्याच्याहून थोराड!

“गेलं गं पिल्लू!” ठकूमावशी ओरडली.

पण जाणार कोण? पळाली ती घूस! तिच्या मागे दुसरी, मग तिसरी. रेशम्याने सगळ्यांना ओढ्यापार हाकललं आणि शेंडी हलवत परत आला.

मग काय विचारता! पाटीलआबा म्हणाले, “याचा सत्कार झालाच पाहिजे.” देवळापुढे खुर्ची मांडली. खुर्चीवर रेशम्या, गळ्यात हार, अंगावर शाल. आबा बोलले, तात्या बोलले, ठकूमावशी तर दोनदा बोलली. “मीच पहिल्यांदा बघितलं हो याला!” कुंदा म्हणायची, “आबा, त्याची जेवायची वेळ झाली,” तर आबा म्हणायचे, “थांब पोरी, अजून नारळ द्यायचाय.” दुपार गेली. ऊन कललं. सत्कार सगळ्यांनी केला, घास कुणी दिला नाही.

आणि रेशम्या खुर्चीवरून कोसळला. अंग गार. पाय थरथरत होते.

कुंदाने त्याला उचललं. समोर डोंगरावर सूर्य टेकला होता. वाफा दूर होता. पळत गेली असती तर पोचली असती. आठ दिवस मनात जपलेली इच्छा एकच होती, आईचे डोळे. पण हातात रेशम्या होता.

‘परीला याचाच जीव मागू?’ तिच्या मनात आलं. ‘पण माझ्या हातांना जमत असेल तर?’

“आई! हा गार पडलाय!”

आई गर्दीतून चाचपडत आली. “उपाशी आहे गं तो! गूळ आण, पाण्यात कालव. तोंडात ओतू नको, ठसका लागेल. बोटाने हिरड्यांना चोळ.”

आईने त्याला पदरात गुंडाळून उराशी धरलं. कुंदा गुळाचं बोट हिरड्यांवर फिरवत राहिली. एकदा, दोनदा, दहादा. तिने मान वर करून सूर्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डोंगरामागे सोन्याची कोर उरली, मग रेघ, मग तीही गेली.

तेव्हा रेशम्याने जीभ बाहेर काढली आणि बोट चाटलं. मग डोळे उघडले. मग, काय सांगू, पाटीलआबांवर भुंकला!

सगळे हसले. कुंदाही हसली, पण तिच्या गालांवरून पाणी ओघळलं. “आई, मला तुझ्यासाठी एक मागायचं होतं गं. राहून गेलं.”

“वेडी! याचा जीव राहिला ना? माझ्या लेकीच्या हातांनी राहिला. मला आणखी काय हवं?”

दोघी अंधारू लागलेल्या वाटेने वाफ्यापाशी आल्या. परी शेवंतीवर बसली होती.

“मला उशीर झाला,” कुंदा मान खाली घालून म्हणाली. “सूर्य मावळला.”

“पुरता मावळला कुठे?” परी म्हणाली. “रेशम्याकडे बघ.”

त्या विंचरलेल्या, रेशमी, सोनेरी केसांत एक किरण अडकला होता! इवलासा, लुकलुकणारा. “गुंता होता तेव्हा त्यात मी अडकले. तू विंचरलंस, तर उजेड अडकला. बोल लवकर!”

“माझ्या आईला दिसू दे!”

परीने किरण अलगद सोडवला आणि आईच्या पापण्यांवर ठेवला. धुकं विरलं. परीभोवती निळा, गुलाबी, सोनेरी उजेड फुलला, शेवंतीच्या फुलाफुलावर सांडला आणि त्या उजेडात परी विरघळून गेली.

आईने डोळे चोळले. तिने शेवंती पाहिली, रेशम्याची शेंडी पाहिली. मग लेकीला डोळे भरून पाहिलं. बघतच राहिली. आणि एकदम म्हणाली,

“अगं कुंदे! कुत्र्याचे केस रेशीम, आणि तुझ्या डोक्याचं हे काय घरटं झालंय? बस इथं. फणी कुठाय?”

रेशम्या ऐटीत पुढे बसला, त्याच्या मागे कुंदा, तिच्या मागे आई. कुंदा त्याचे केस विंचरत होती आणि आई कुंदाचे, टोकापासून, मूळ घट्ट धरून, एकही केस न ओढता.

त्या गावात अजून म्हणतात, जिथे रोज मायेची फणी फिरते, तिथे संध्याकाळचा शेवटचा किरण मुक्कामाला येतो.